पाण्याखालच्या गुहांना नियम घालून देणारा गणिताचा मास्तर

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. त्यात पाण्याने भरलेल्या मैलोन्‌मैल गुहा आहेत. 1949 साली जन्मलेला शेक एक्सली सोळाव्या वर्षापासूनच हवेचा सिलिंडर बांधून पाण्यात उतरू लागला. नोकरी शाळेत गणित शिकवायची, जीव मात्र गुहांत अडकलेला.

त्या काळी या गुहांत पट्टीचे पोहणारेही मरायचे. समुद्रात काही बिनसलं तर माणूस वर येऊ शकतो. गुहेत वर खडकाचं छत. पायाने गाळ ढवळला की दिवा असूनही काही दिसत नाही. बुडालेल्यांची प्रेतं काढायलाही एक्सली जायचा.

मग त्याने एकेका अपघाताचा हिशोब मांडला आणि 1979 साली पुस्तक काढलं. तीन चुका पुन्हा पुन्हा दिसल्या: बाहेरपर्यंत सलग दोरी नाही, परतीपुरती हवा राखलेली नाही, झेपणार नाही एवढी खोली. हवेचा हिशोब सोपा. एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, तिसरा अडचणीला. पुढे प्रशिक्षण आणि प्रत्येकाकडे तीन दिवे, याही अटी आल्या. आज गुहेच्या तोंडाशी, दिवसाचा उजेड दिसतो तिथवरचं शिक्षण देतानाही दोरी आणि हवेचा हिशोब शिकवतात.

6 एप्रिल 1994 रोजी मेक्सिकोतल्या झाकातोन या खोल विवरात विक्रमासाठी उतरलेला एक्सली जिवंत वर आला नाही. वय अवघं 45. नियम लिहिणाऱ्यालाही खोल पाण्याने सूट दिली नाही. त्याचे नियम पाळणारे मात्र आजही सुखरूप घरी येतात.