डॉ. वसंत रामजी खानोलकर

गेल्या दिवाळीत मी सुरतेला मामांकडे गेलो होतो. मामा मागावर काम करतात आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू धरतात. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा आला होता. डॉक्टरांनी त्याचा कणभर तुकडा काढून तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंत घरात कोणाला घास गोड लागला नाही. असा तुकडा तपासतात कसा, याची चौकशी करताना डॉ. खानोलकरांचे नाव मला प्रथम कळले.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेऊन ते मायदेशी परतले. मुंबईच्या ग्रँट आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा पुढे त्यांनी वाहिली.

आमच्या वाणिज्य शाखेत नोंदीशिवाय ताळेबंद नाही. खानोलकरांनी रोगाची अशीच खतावणी मांडली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह १९५५ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी तंबाखू चघळणे व ओढणे यांचा या रोगाशी असलेला संबंध आकड्यांनी दाखविला. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते निवर्तले.

निरोगी त्वचेत पेशी शिस्तीने थरावर थर बसलेल्या असतात. रोगाची चाहूल लागली की पेशींची केंद्रे मोठी व वेडीवाकडी होतात, थरांची शिस्त मोडते. रंग दिलेल्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसते. आता अशा काचपट्ट्यांची छायाचित्रे दाखवून संगणकालाही ही पारख शिकवीत आहेत. परंतु त्याला शिकविण्यासाठी प्रत्येक काचपट्टीचे निदान आधी कोणीतरी जाणत्याने लिहून ठेवावे लागते. म्हणजे पुन्हा नोंदच आली!

मामांच्या पेशींची शिस्त बिघडू लागली होती. पण कर्करोग नव्हता. मामांनी त्याच दिवशी तंबाखूची डबी तापीत टाकली.

आपण तर निपाणीच्या शेजारचे. आपले कानडी मित्र तंबाखूला ‘होगेसोप्पु’, म्हणजे धुराचा पाला म्हणतात. या पाल्यावर आपल्या भागातील कितीतरी चुली पेटतात, हे खरे. पण जमेची बाजू वाचताना खर्चाची बाजूही वाचावी. ती खानोलकरांनी आपल्यासाठी लिहून ठेवली आहे.