शस्त्रवैद्य जॉन हंटर

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ मध्ये स्कॉटलंडमधील लाँग काल्डरवुड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. शाळेत त्यांचे मन कधी रमले नाही. मात्र ढग कसे बनतात, झाडांची पाने रंग का बदलतात, मुंग्या आणि मधमाश्या दिवसभर काय करतात, असे प्रश्न विचारून ते मोठ्या माणसांना भंडावून सोडीत.

वयाच्या विसाव्या वर्षी ते लंडनला आपले थोरले बंधू विल्यम यांच्याकडे गेले. विल्यम हे शरीररचनाशास्त्राचे वर्ग चालवीत. तेथे मृत शरीरांचे विच्छेदन करण्याचे काम जॉनकडे आले. पुस्तकांना कंटाळलेला हा तरुण या कामात देहभान विसरून गेला. पुढे दोन-तीन वर्षे त्यांनी सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून काम केले आणि १७६८ मध्ये ते लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रवैद्य झाले. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत त्यांचे काम चाले. झोप ती जेमतेम चार-पाच तासांची!

त्या काळी घोडागाडी हाकणाऱ्यांना एक भयंकर विकार होत असे. हृदयाकडून शरीराला रक्त पोहोचविणाऱ्या नळीला रोहिणी म्हणतात. गुडघ्यामागील रोहिणीची भिंत दुबळी होऊन ती फुग्यासारखी फुगे. फुगा फुटला की प्राणावर बेते. म्हणून अनेकदा रोग्याचा पायच कापून टाकीत. हंटर यांनी निराळा विचार केला. मोठा रस्ता बंद झाला, तर वाटसरू आडवाटेने जातात. तसेच रक्तही लहान लहान शाखांतून वाट काढील, असे त्यांना निरीक्षणावरून वाटत होते. १७८५ च्या डिसेंबरात त्यांनी एका गाडीवानाच्या मांडीतील रोहिणी, फुगलेल्या भागाच्या बरीच वर, दोऱ्याने बांधून टाकली. पाय जिवंत राहिला, फुगा ओसरला आणि तो गाडीवान पुन्हा आपल्या कामावर गेला.

परंतु इतरांच्या रक्तवाहिन्यांवर उपाय शोधणाऱ्या हंटर यांना स्वतःच्या रक्तवाहिन्यांनी मात्र दगा दिला होता. १७७३ मध्ये त्यांना अकस्मात तीव्र वेदनेचा झटका आला. हाताला नाडी लागेना. आरशात पाहिले, तर चेहरा प्रेतासारखा पांढरा पडलेला! अशाही स्थितीत ते आपल्या दुखण्याचे बारकाईने निरीक्षण करीत राहिले. पुढे श्रम झाले किंवा राग आला की छातीत कळा येऊ लागत. आणि हंटर तर फार तापट!

देवीची लस शोधणारे एडवर्ड जेनर हे हंटर यांचे आवडते शिष्य. नुसता तर्क करीत बसू नये, प्रयोग करून पाहावा, ही शिकवण त्यांना गुरूकडूनच मिळाली होती. छातीतील अशाच कळांनी मरण पावलेल्या एका माणसाचे हृदय जेनर एकदा कापून पाहत होते. सुरी कशावर तरी कचकन अडली. छताचा गिलावा तर पडला नाही ना, म्हणून त्यांनी वर पाहिले. पण ती कठीण वस्तू म्हणजे हृदयालाच रक्त पुरविणारी रोहिणी होती. ती हाडासारखी टणक झाली होती. गुरूचे दुखणे हेच, हे जेनर यांनी ओळखले. परंतु त्यावर उपाय नव्हता. सत्य कळून गुरूच्या मनाला यातना होतील, म्हणून त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला नाही.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत हंटर दोन विद्यार्थ्यांची बाजू मांडीत होते. कोणीतरी त्यांचे म्हणणे खोडून काढले. त्यांना संताप अनावर झाला. ते शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांचे हृदय तपासले, तेव्हा जेनर यांचे निदान खरे ठरले.

रोहिणीच्या आतील भिंतीवर चरबी साचते, पुढे तेथे चुना जमून ती टणक होते आणि रक्ताची वाट अरुंद होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. वाट अरुंद झाली की हृदयाला रक्त कमी पडते व छातीत कळा येतात. ती बंदच झाली की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, अति स्निग्ध आहार आणि व्यायामाचा अभाव यांमुळे हा विकार बळावतो. क्रोधाने हृदयावर एकाएकी भार पडतो आणि दुबळ्या हृदयाला तो सोसत नाही.

हंटर यांनी जमविलेले शरीररचनेचे सुमारे १४,००० नमुने १७९९ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतले. जगभरचे शस्त्रवैद्य त्यांना आपले गुरू मानतात. शरीराची अनेक गुपिते त्यांनी उकलली. स्वतःच्या रागाला आवर घालणे मात्र त्यांना साधले नाही. आणि तरीही, त्या थांबलेल्या हृदयाने जाता जाता जगाला एक धडा दिलाच.