हळदोण्याचा ट्रम्पेटवादक : चिक चॉकलेट

गोव्याच्या संगीताचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या तोंडी ठरलेली नावे येतात : दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. या नावांचा अभिमान आपण बाळगतो, तो योग्यच आहे. पण याच भूमीतला, इगर्जेच्या अंगणातून निघालेला आणखी एक सूर आपल्या घराघरांत रेडिओवर वर्षानुवर्षे वाजला आणि तो कोणाचा हे मात्र आपण विचारले नाही. तो सूर आंतोनियो झेवियर वाझ यांच्या ट्रम्पेटचा होता. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखत असे.

वाझ यांचा जन्म 1916 सालचा, बार्देशातील हळदोणे गावचा. पोर्तुगीज अमदानीत इगर्जांना जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. हेतू होता प्रार्थनासंगीताचा. पण गावात रोजगार नव्हता, म्हणून ही विद्या घेऊन शेकडो गोवेकर मुंबईला गेले, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडीत राहिले आणि बँडमध्ये वाजवू लागले.

त्या काळी मुंबईत जॅझचे वारे शिरले होते. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. कागदावरचे सूर वाचण्यात गोवेकर तरबेज होते, पण जॅझला तेवढे पुरत नाही. आपल्या गवयाला जशी बंदिशीपलीकडे जागच्या जागी बढत करावी लागते, तशीच ती जॅझवादकालाही करावी लागते. चिक यांचे दैवत होते लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेट, खरखरीत आवाजातले गाणे, रंगमंचावरचा वावर, सगळे त्यांनी आर्मस्ट्राँगच्या वळणावर घडवले. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ग्रीन्स आणि ताज या शेजारशेजारच्या हॉटेलांत त्यांच्या बँडचे नाव झाले.

1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री थंडावू लागल्या. त्याच सुमारास चित्रपटांचे स्टुडिओ अनेक वादकांचा आधार बनले. संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधे. पण पंधरा-वीस वाद्यांपैकी कोणी कधी काय वाजवायचे, दोन कडव्यांमधली जागा कशी भरायची, हे स्वरलिपीत उतरवणारा माणूस लागे. तो म्हणजे अरेंजर. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोवेकरांनी हे काम केले. चिक यांनी ते केले सी. रामचंद्रांसाठी.

1951 चा 'अलबेला' हे त्या जोडीचे सर्वांत गाजलेले काम. त्यातल्या द्वंद्वगीतांत गळा दीनानाथांच्या लताबाईंचा आणि पुणतांब्याला जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचा, म्हणजे खुद्द सी. रामचंद्रांचा, पडद्यावर नाचणारे भगवानदादा पालव, आणि वाद्यमेळामागे हळदोण्याचे चिक. मंगेशीचा वारसा आणि हळदोण्याचा वारसा असे एकाच तबकडीवर बसले. ज्यांनी त्यांना जवळ आणले त्या दोन सुरांना आपण आजही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, याचे नवल वाटते.

1952 मध्ये नभोवाणीचे खाते डॉ. बा. वि. केसकर या मराठी मंत्र्यांकडे आले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि 1957 मध्ये आकाशवाणीलाही 'विविध भारती' आणावी लागली. तेव्हापासून ही गाणी रोज वाजत राहिली. निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सांगत. अरेंजरचे नाव त्यात नसे, तबकडीवरही नसे.

चिक यांनी 'नादान' (1951) आणि 'रंगीली' (1952) या चित्रपटांना स्वतंत्रपणे संगीत दिले, पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. 1966 च्या 'आखरी खत'मध्ये, क्लबमधल्या गाण्यात, ते पडद्यावर ट्रम्पेट वाजवताना दिसतात. पुढल्याच वर्षी, मे 1967 मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले.

गोव्याच्या संगीतावर आपल्या मंडळात जे कार्यक्रम होतात, त्यांत नाट्यपदे असतात, अभंग असतात, आणि असायलाच हवेत. त्यांच्या जोडीला एखादे गाणे 'अलबेला'चे घ्यावे आणि निवेदनात गायक, गीतकार, संगीतकार यांच्यानंतर चौथे नाव हळदोण्याच्या आंतोनियो वाझ यांचे घ्यावे, असे आम्हाला वाटते. रेडिओवर जे नाव राहून गेले, ते निदान गोव्याच्या माणसांनी तरी घ्यायला हवे.