ब्रह्म प्रकाश

ब्रह्म प्रकाश (२१ ऑगस्ट, इ.स. १९१२ - ३ जानेवारी, इ.स. १९८४) हे भारतीय धातुशास्त्रज्ञ होते. भारताच्या अणुइंधन निर्मितीचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे पहिले संचालक होते.

शिक्षण व अध्यापन

ब्रह्म प्रकाश यांचा जन्म लाहोर येथे झाला. तेथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून धातुविज्ञानात डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर ते होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालील अणुऊर्जा कार्यक्रमात सहभागी झाले. इ.स. १९५१ ते १९५७ या काळात ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुविज्ञान विभागाचे प्रमुख होते. या पदावरील ते पहिले भारतीय होत.

तुर्भे येथील कार्य

मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे त्यांनी धातुविज्ञान विभागाची उभारणी केली. सायरस अणुभट्टीसाठी युरेनियम धातूचे इंधन येथे तयार झाले. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या झिरकॉनपासून झिर्कोनियम मिळविण्याच्या कामालाही त्यांनी चालना दिली.

वीजनिर्मितीच्या अणुभट्ट्यांत युरेनियम ऑक्साइड हे सिरॅमिक इंधन वापरतात. त्याची बारीक भुकटी दाबून लहान वड्या करतात व त्या हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १,७०० अंश सेल्सियसला, म्हणजे वितळबिंदूच्या बऱ्याच खाली, तापवितात. त्यामुळे कण एकमेकांस जोडले जाऊन वडी घट्ट होते. या क्रियेस सिंटरिंग म्हणतात. तापमान वाढविण्याचा वेग येथे निर्णायक ठरतो. घाई केल्यास वडीचा पृष्ठभाग व गाभा यांच्या तापमानांत फरक पडून तडे जातात. आत अडकलेले वायूही बाहेर पडू शकत नाहीत. फार सावकाश तापविल्यास वडी घट्ट होण्याआधीच कण वाढून जाड होतात व घट्ट होण्यास लागणारी पृष्ठऊर्जा खर्ची पडते. सदोष वडीमुळे इंधननळी फुटून किरणोत्सारी द्रव्ये बाहेर येऊ शकतात. म्हणून या प्रक्रियेत काटेकोरपणा आवश्यक असतो.

हे तंत्र परदेशावर विसंबून न ठेवता देशात रुजविण्यासाठी हैदराबाद येथे इ.स. १९७१ मध्ये अणुइंधन संकुल स्थापन झाले. त्याच्या उभारणीत ब्रह्म प्रकाश यांचा मोठा वाटा होता. पुढे तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठीही या संकुलात इंधन तयार होऊ लागले.

अंतराळ संशोधन

इ.स. १९७२ ते १९७९ या काळात ते तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचा विकास मुख्यत्वे याच काळात झाला. १० ऑगस्ट, इ.स. १९७९ रोजी त्याचे पहिले उड्डाण अयशस्वी ठरले, तेव्हा ते प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांच्या पाठीशी उभे राहिले. १८ जुलै, इ.स. १९८० रोजी हा प्रक्षेपक यशस्वी झाला.

सन्मान

पद्मश्री (इ.स. १९६१), शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (इ.स. १९६३) आणि पद्मभूषण (इ.स. १९६८) हे सन्मान त्यांना मिळाले.