कोळशाच्या कोठीतील कारखाना

4 जून 1896 ची पहाट. अमेरिकेतील डेट्रॉइट शहर अजून निद्राधीन होते. पावसाची भुरभुर चालू होती. अशा अवेळी बॅग्ली रस्त्यावरील एका घराच्या परसातून भिंत फोडण्याचा आवाज येऊ लागला. कुऱ्हाडीचे घाव पडत होते आणि विटा ढासळत होत्या. परंतु भिंत फोडणारा मनुष्य चोर नव्हता. तो त्याच घरात राहणारा 32 वर्षांचा भाडेकरू होता. त्याचे नाव हेन्री फोर्ड.

हेन्रीचा जन्म 30 जुलै 1863 रोजी डेट्रॉइटजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीच्या कामात त्याचे मन रमत नसे. यंत्र दिसले की मात्र तो तहानभूक विसरे. खिळा कानशीने घासून त्याचा पेचकस करावा आणि शेजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळे दुरुस्त करून द्यावीत, हा त्याचा आवडता खेळ. 1876 साली त्याने वाफेच्या बळावर रस्त्याने चालणारे एक अवजड यंत्र पाहिले. घोड्यावाचून चालणारे ते वाहन पाहून तो थक्क झाला. ते दृश्य त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले.

वयाच्या सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला गेला. दिवसा कारखान्यात उमेदवारी करावी आणि रात्री एका जवाहिऱ्याकडे घड्याळे दुरुस्त करावीत, असा त्याचा क्रम असे. पुढे काही वर्षे तो शेतावर परतला. 1888 साली क्लारा नावाच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. शेत, घर, वडिलांचा आधार सारे काही होते. पण पेट्रोलवर चालणारे इंजिन बनवायचे तर विजेची माहिती हवी, असे त्याला वाटू लागले. म्हणून 1891 साली पतिपत्नी पुन्हा शहरात आली आणि हेन्रीने एडिसन वीज कंपनीत नोकरी धरली.

बॅग्ली रस्त्यावरील त्यांच्या भाड्याच्या घरामागे विटांची एक लहानशी कोठी होती. तिचा अर्धा भाग त्यांच्या वाट्याचा, तर अर्धा शेजाऱ्यांचा होता. दोन्हीकडे कोळसा आणि जळाऊ लाकडे भरलेली असत. हेन्रीने आपला भाग रिकामा केला आणि तेथे काम करण्याचे टेबल व हत्यारे मांडली. शेजारी वृद्ध व मोठ्या मनाचा होता. या तरुणाची धडपड पाहून त्याने आपलाही भाग मोकळा करून दिला. अशा रीतीने कोळशाच्या कोठीचा कारखाना झाला.

1893 सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीची गोष्ट. जुन्या नळाचा तुकडा आणि लेथचे टाकाऊ चाक यांसारख्या वस्तूंतून हेन्रीने एक छोटेसे इंजिन जुळवले होते. ते घेऊन तो थेट स्वयंपाकघरात आला आणि भांडी धुण्याच्या मोरीला त्याने ते घट्ट बसवले. घरातील विजेच्या दिव्याच्या तारेतून ठिणगीसाठी वीज घेतली. दुसऱ्या दिवशीच्या सणाच्या तयारीत क्लारा गढून गेली होती. तान्हे मूल जवळच निजले होते. तरीही हातातले काम बाजूला ठेवून ती इंजिनात थेंब थेंब पेट्रोल सोडू लागली. हेन्रीने चाक फिरवले. मोरी थरथरली, धुराचा लोट उठला आणि इंजिन सुरू झाले!

त्यानंतर अडीच वर्षे त्या कोठीत खटपट चालू होती. दिवसभर वीजगृहातील नोकरी आणि रात्री व सुटीच्या दिवशी गाडीचे काम. मदतीला दोनचार मित्र येत. पगारातला बराच पैसा लोखंड, तारा आणि हत्यारे यांत खर्च होई. शेजारपाजारचे लोक हसत. पण क्लाराने संसार काटकसरीने चालवला आणि पतीवरचा विश्वास कधी ढळू दिला नाही.

अखेर गाडी तयार झाली. सायकलसारखी चार चाके, दोन सिलिंडरांचे इंजिन, बसण्याच्या जागेखाली पेट्रोलची टाकी आणि लोकांना सावध करण्यासाठी समोर घराच्या दाराची घंटा! गाडीचे वजन सुमारे सव्वादोनशे किलो होते. तिला वेगाचे दोन टप्पे होते; पण मागे जाण्याची सोय नव्हती. गाडी बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा सर्वांच्या ध्यानात एक गोष्ट आली. कोठीचे दार गाडीपेक्षा अरुंद होते! बारीकसारीक भाग मोजूनमापून बनवणारा हेन्री दाराचे माप घ्यायचेच विसरला होता.

दुसरा कोणी सकाळ होण्याची वाट पाहत बसला असता, किंवा गाडी पुन्हा खोलू लागला असता. हेन्रीने कुऱ्हाड उचलली. दाराची चौकट निघाली, विटा पडल्या आणि गाडी पावसात बाहेर आली. एक मित्र सायकलवरून पुढे निघाला, म्हणजे वाटेत घोडागाडी आली तर तिला सावध करता यावे. थोड्या अंतरावर ठिणगी पाडणारा भाग नादुरुस्त होऊन गाडी थांबली. हेन्रीने तो दुरुस्त केला आणि गाडी चालवत घरी आणली.

घरमालक आला तेव्हा फुटलेली भिंत पाहून तो संतापला. पण गाडी पाहताच त्याचा राग मावळला. गाडी रोज आतबाहेर करावी लागणार, हे ओळखून त्याने भिंत पुन्हा न बांधता तेथे रुंद दार बसवण्यास सांगितले. हेन्रीचा कारखाना खऱ्या अर्थाने पुरा झाला तो असा, भिंत पाडल्यावर!

पुढची वाटही सोपी नव्हती. वीज कंपनी त्याला वरची जागा देऊ करत होती. परंतु त्यासाठी पेट्रोलच्या इंजिनाचा नाद सोडावा, अशी तिची अट होती. 1899 साली हेन्रीने नोकरीच सोडली. त्याची पहिली मोटार कंपनी बुडाली. दुसरीतून तो बाहेर पडला. 1903 साली स्थापन झालेल्या फोर्ड मोटर कंपनीने मात्र यश पाहिले. 1908 साली सामान्य माणसासाठी बनवलेली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आली. 1913 साली त्याच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली. कामगार जागच्या जागी उभा राही आणि काम त्याच्यापुढे सरकत येई. त्यामुळे साडेबारा तासांचे जोडकाम सुमारे दीड तासात होऊ लागले. प्रथम 850 डॉलरांस मिळणारी मोटार पुढे तीनशे डॉलरांच्याही खाली आली. 1927 पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या.

1914 साली त्याने कामगारांचा दिवस आठ तासांचा केला आणि त्यांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. पण पुढे त्यांनी आपली संघटना उभारू पाहिली तेव्हा त्याने तिला कडाडून विरोध केला. त्याच्या मालकीच्या वृत्तपत्राने ज्यू लोकांविषयी द्वेष पसरवला. त्याबद्दल 1927 साली त्याला क्षमा मागावी लागली. यंत्रातील दोष चटकन ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मनातील दोष वेळीच दिसला नाही, हेही त्याच्या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

7 एप्रिल 1947 च्या रात्री हेन्री फोर्डचा मृत्यू झाला. त्या दिवशी नदीला पूर आल्याने त्याच्या वाड्यातील वीज गेली होती. जन्माच्या वेळी शेतघरात असत तसेच मिणमिणते दिवे मृत्यूच्या वेळीही जळत होते. क्लारा त्याच्याजवळच होती.

बॅग्ली रस्त्यावरील कोठी आज तेथे नाही. त्या जागी 1926 साली एक भव्य चित्रपटगृह उभे राहिले. ते बंद पडल्यावर 1977 साली त्याच्याच आत, नक्षीदार छताखाली, मोटारी ठेवण्याचा तळ करण्यात आला. ज्या ठिकाणी एका मोटारीला बाहेर पडण्यापुरती वाट नव्हती, त्याच ठिकाणी शेकडो मोटारी ये-जा करू लागल्या.