प्रेषित पौल आणि एकच पंगत

मा. संपादक,


२९ जून हा पेत्र आणि पौल या दोन प्रेषितांचा सण. आपले कॅथलिक बांधव तो नेमाने पाळतात, आम्हा प्रॉटेस्टंट मंडळ्यांत निदान उपदेशात त्यांची आठवण निघते. दोघांची नावं आपण एका दमात घेतो. पण हे दोघे एकदा जेवणाच्या पंगतीवरून चारचौघांत समोरासमोर उभे राहिले होते, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. हे पान आपले शेजारीही वाचतात, म्हणून हकीकत पहिल्यापासून सांगतो.

पौलाचं यहूदी नाव शौल. जन्म किलिकियातल्या तार्स शहरी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. घराणं बन्यामीन वंशाचं आणि रोमन नागरिकत्व जन्मापासूनचं. हाताला तंबू बनवण्याचा धंदा होता, आणि शिक्षण यरुशलेमेत गमलिएलासारख्या नावाजलेल्या गुरूच्या पायाशी झालं. पंथाने तो परूशी. नियमशास्त्र काटेकोर पाळायचं, काय खायचं, कोणाबरोबर खायचं हे सांभाळायचं, अशा वळणात तो वाढला. स्तेफनाला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं याच तरुणाच्या पायाशी ठेवली होती. पुढे तो घरोघर शिरून विश्वासी लोकांना ओढून तुरुंगात टाकू लागला.

दिमिष्काच्या वाटेवर त्याला पुनरुत्थित ख्रिस्ताचं दर्शन झालं आणि तीन दिवस डोळ्यांना दिसेनासं झालं. दिमिष्कात हनन्या नावाचा शिष्य होता. या माणसाचं नाव ऐकूनच तो घाबरला होता, तरी गेला. नीट नावाच्या रस्त्यावरच्या त्या घरात शिरून त्याने शौलाच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. मला वाटतं, पौलाची पुढची सगळी शिकवण त्या एका हाकेतच आहे.

ती शिकवण थोडक्यात अशी. नियमशास्त्र पाळून कोणी देवापुढे नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने ठरतो. ही देवाची कृपा आहे, कोणाची कमाई नव्हे. मग यहूद्याला एक दार आणि परराष्ट्रीयाला दुसरं, असं कसं चालेल? सुंता न करता, आहे तसा माणूस मंडळीत यावा, यासाठी पौल आयुष्यभर झगडला. तो स्वतः यहूदीच राहिला. आपल्या लोकांविषयी त्याच्या मनात किती दुःख होतं, ते रोमकरांस लिहिलेल्या पत्रात दिसतं.

आता पंगतीची गोष्ट. सुरियातलं अंत्युखिया हे मोठं शहर. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथेच मिळालं. तिथल्या मंडळीत यहूदी आणि परराष्ट्रीय एकत्र बसून जेवत. पेत्र आला, तोही बसला. मग यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली. पेत्राला भीती वाटली आणि तो हळूहळू बाजूला झाला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी विश्वासीही उठले. इतकंच काय, ज्या बर्णबाने पौलाला हाताशी धरून मंडळीत आणलं, तोही उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमक्ष दोष दिला. पेत्र हा मंडळीचा आधारस्तंभ आणि पौल त्याच्या मानाने उशिरा आलेला, तरीही. पेत्राने काय उत्तर दिलं ते गलतीकरांस पत्रात लिहिलेलं नाही.

पौल त्या गोष्टीवर थांबला नाही. करिंथात तो दीड वर्ष राहिला, अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवून पोट भरलं. तिथल्या ज्या सुभेदारापुढे, गल्लियोपुढे, त्याला उभं केलं, तो इ. स. ५१-५२च्या सुमारास तिथे होता हे देल्फीच्या शिलालेखावरून कळतं. पुढे त्याच करिंथात प्रभुभोजनाच्या वेळी खात्यापित्या घरचे आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावरही पौलाने कडक शब्दांत लिहिलं. नंतर परराष्ट्रीय मंडळ्यांकडून यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करून तो स्वतः घेऊन गेला. तिथे मंदिरात परराष्ट्रीयाला आणल्याचा आळ आला आणि अटक झाली. कैसरियात दोन वर्षं कैद, मग रोमला जाताना माल्टाजवळ जहाज फुटलं. जहाजावरचे २७६ जण सगळे वाचले. रोममध्ये तो दोन वर्षं भाड्याच्या घरात पहाऱ्यात राहिला आणि येईल त्याला शिकवत राहिला. नीरोच्या काळात तिथेच त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.

हे सगळं मी कित्येक वर्षं संडे स्कूलच्या पोरांना शिकवलं. पण एक गोष्ट त्यांना कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या मंडळीत हंगामाच्या सणाचं प्रीतिभोजन होतं. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका म्हाताऱ्या काकांशेजारी मी बसलो होतो. पहिला भात वाढला आणि शहरातून माझे नातलग आले. त्यांना ती पंगत चालण्यासारखी नव्हती, हे मला माहीत होतं. वाढायला मदत करतो म्हणून मी उठलो, तो परत बसलोच नाही. नातलगांबरोबर आत जेवलो. नंतर कोणीतरी सांगितलं, काका माझी पत्रावळ हाताने झाकून बराच वेळ थांबले होते, माशा बसू नयेत म्हणून.

मला दोष द्यायला तिथे कोणी पौल नव्हता. काका आता नाहीत, माफी मागायचीही राहिली. म्हणून मंडळीतल्या भावाबहिणींना एवढंच विनवतो, की यंदा हंगामाच्या सणाला पंगत एकच मांडा. आणि कोणी काही निमित्त काढून उठू लागला, तर त्याला प्रेमाने पण सगळ्यांदेखत हात धरून खाली बसवा. तो मी असलो तरी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव