मुलांचा खेळ आणि फ्रोबेलचे चरित्र

आमच्या शहरांत कोणत्याही पेठेतून जावे, लहान मुलांच्या शाळेची पाटी दृष्टीस पडते व तिच्यावर 'के. जी.' ही अक्षरे ठळक रंगविलेली असतात. तीन-चार वर्षांचे मूल तेथे घातले की त्याच्या पाठीवर दप्तर येते, हाती पेन्सिल येते, आणि वर्षअखेर त्यास शंभरपर्यंत आकडे लिहिता आले नाहीत तर आईबापांस आपले पैसे बुडाले असे वाटू लागते. ही अक्षरे ज्या जर्मन शब्दाची आहेत त्याचा अर्थ 'मुलांची बाग' असा होतो. ज्या पुरुषाने तो शब्द १८४० साली योजिला, त्याने आपल्या बागेत मुख्य स्थान पाटीपेन्सिलीस दिले नव्हते. ते चेंडूंस व लाकडी ठोकळ्यांस दिले होते. त्याचे नाव ठेवून त्याचे काम आपण टाकून दिले आहे. म्हणून त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रेडरिक फ्रोबेल याचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात, ओबरवाइसबाख या खेड्यात झाला. बाप धर्मोपदेशक, सदैव कामात गढलेला. मूल नऊ महिन्यांचे असताना आई वारली. पुढे सावत्र आई आली व तिला स्वतःचे मूल झाल्यावर या पोराकडे पाहावयास घरात कोणी उरले नाही. बापाने त्यास मंदबुद्धीत काढले. गावच्या देवळाची दुरुस्ती चालली असता हा मुलगा गवंडी-सुतारांचे काम पाहत बसे आणि आपणही काही बांधावे म्हणून हाती लागेल ते दगडलाकूड रचू पाही. पण ते जड व ओबडधोबड सामान त्यास पेलत नसे. मुलांस बांधकामासाठी त्यांच्या हातांजोगे सामान व ते दाखविणारा कोणी माणूस पाहिजे, हा विचार आपल्या मनात तेव्हाच आला, असे त्याने उतारवयात नमूद करून ठेविले आहे. दहाव्या वर्षी मामाने त्यास आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्यास माया व मोकळीक मिळाली.

पुढील पंचवीस वर्षे तो या धंद्यातून त्या धंद्यात फिरत राहिला. पंधराव्या वर्षी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी. १७९९ मध्ये येना येथील विद्यापीठ, व तेथे कर्जापायी विद्यापीठाच्याच कोठडीत काही आठवडे वास. १८०५ मध्ये वास्तुकला शिकावयास म्हणून तो फ्रांकफुर्टला गेला, तो तेथील एका शाळाचालकाच्या आग्रहाने शिक्षक झाला. १८०८ ते १८१० ही दोन वर्षे त्याने स्वित्झर्लंडात प्रसिद्ध शिक्षक पेस्टालॉझी याच्याजवळ काढली. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात त्याने शस्त्र धरिले. नंतर बर्लिन येथील खनिजसंग्रहालयात प्राध्यापक वाइस यांच्या हाताखाली स्फटिकांचा अभ्यास केला. ही वर्षे वाया गेली असे कोणास वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. वनात पाहिलेली वाढ, वास्तुकलेतील रचना व स्फटिकांतील नियमबद्ध आकार ही तिन्ही पुढे त्याच्या खेळण्यांत उतरली.

१८१६ मध्ये त्याने आपली शाळा काढिली, ती दुसऱ्याच वर्षी कायलहाउ येथे नेली, आणि १८२६ मध्ये माणसाच्या शिक्षणावरील आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. शाळेत येणाऱ्या मुलांचा पाया त्यापूर्वीच्या वर्षांत कच्चा राहून गेलेला असतो अशी त्याची खात्री होत गेली. म्हणून १८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी अगदी कोवळ्या मुलांसाठी संस्था काढिली. तेथील खेळण्यांस त्याने 'देणग्या' हे नाव दिले.

या देणग्यांचा क्रम पाहण्याजोगा आहे. पहिलीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दोरीस बांधलेले. मूल ते झुलविते, खेचते, सोडते. गति म्हणजे काय याचा हा त्याचा पहिला धडा. दुसरीत लाकडी गोळा, घन व दंडगोल. गोळा कोठेही घरंगळतो, घन बसला की बसला, आणि दंडगोल उभा केला तर स्थिर व आडवा केला तर पळता. घन दोरीला टांगून गरगर फिरविला तर कोपरे नाहीसे होऊन तो दंडगोलासारखा दिसू लागतो! तिसरीत एकाच घनाचे आठ सारखे ठोकळे. त्यांत अर्धा, पाव व अर्धपाव डोळ्यांस दिसतात व बोटांस लागतात. तराजू धरणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांस याचे महत्त्व सांगावयास नको. चौथीत आठ विटा, प्रत्येक दोन इंच लांब, एक इंच रुंद व अर्धा इंच जाड. मागील देणगीतला एक इंची ठोकळा व ही वीट यांत लाकूड तेवढेच, पण दोहोंचे वर्तन निराळे. दोन खांबांवर वीट आडवी टाकली तर पूल होतो, तो ठोकळ्याने होत नाही. विटा ओळीने उभ्या करून पहिलीस टिचकी दिली तर शेवटचीही पडते. पाचव्या व सहाव्या देणगीत तुकडे वाढतात व कमानी-मनोरे उठतात. एक नियम मात्र सर्वत्र होता: प्रत्येक तुकडा उपयोगात आणावयाचा, आणि जुनी रचना उधळून न टाकता तीतूनच नवी घडवावयाची. असा नियम ज्याच्या हातास बालपणी लागला, तो मोठेपणी काय करील याचा वाचकांनीच विचार करावा.

अशा निरुपद्रवी कामाचे फळ काय मिळाले? १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर सरकारे भयभीत झाली होती. फ्रोबेलच्या पुतण्याच्या लेखनाशी काकाच्या शाळांचा घोटाळा करून, ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या शिक्षणमंत्र्याने या बागा नास्तिक व समाजवादी ठरवून बंद केल्या. फ्रोबेल श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्याने चूक दाखवून दिली, पण आज्ञा फिरली नाही. २१ जून १८५२ रोजी तो वारला. त्याच्या थडग्यावर शिष्यांनी घन, दंडगोल व गोळा एकावर एक रचून ठेविले. बंदी उठली ती १८६० मध्ये.

त्याची पद्धति निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. आकारांत त्याने पुष्कळ गूढार्थ कल्पिला, आणि पुढे कित्येक शिक्षकांनी हुकुमाबरोबर ठोकळा उचलावयाचा व हुकुमाबरोबर ठेवावयाचा अशी त्या खेळाची कवाईत करून टाकली. परंतु खेळता खेळता मूल विचार करते हे त्याचे मूळ तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. आमच्या प्रांतासही ते नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८६ नंतर अमेरिकेत ही पद्धति शिकून घेतली व १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन स्थापिले. ताराबाई मोडक यांनी माँटेसरीबाईंचा मार्ग धरून बोर्डी व कोसबाड येथे, गावात सहज मिळणाऱ्या अल्पमोली वस्तूंनी, गरिबांच्या मुलांस शिकवून दाखविले.

प्रशियात मुलांचा खेळ सरकारने बंद केला. आमच्याकडे तो आम्ही आईबाप बंद करीत आहो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे सांगितले आहे. अडचण आहे ती आमच्या अधीरपणाची. शाळेत मूल खेळले असे कळले की फी परत मागावी असे आम्हांस वाटते, आणि शाळाचालक तरी गिऱ्हाईक मागेल तोच माल देणार! तेव्हा पाल्यास शाळेत घालताना, येथे किती लिहून घेता हे न विचारता, येथे मुले आपल्या हातांनी काय बांधतात, हे विचारावे. घरी तर सुताराकडील उरलेल्या लाकडाचे आठ सारखे तुकडे कानस मारून मुलापुढे ठेवावे व थोडा वेळ गप्प बसून पाहावे. मनोरा कोसळेल, मूल तो पुन्हा रचील, व दुसऱ्या खेपेस खालचा ठोकळा नीट बसवील. हाच त्याचा त्या दिवसाचा अभ्यास होय.